काकडीच्या मळ्यातला काळा कोट

मीरा, परवा व्हिडिओ फोनवर बोलता बोलता तू थांबलीस आणि हळूच म्हणालीस, "आजी, तुझ्या मागे आजोबा उभे आहेत." मी वळून पाहिलं. माझ्या खिडकीबाहेर शेजारच्या कौसल्याचा काकडीचा मळा आहे आणि मळ्याच्या मधोमध हात पसरून बुजगावणं उभं आहे. त्याच्या अंगात काळा कोट आहे. आजोबांना तू फोटोतच पाहिलंस, त्याच कोटात, म्हणून तुला तसं वाटलं. तुझा भाऊ रूबेन मागून म्हणाला, "बटणंपण तीच आहेत." तुमच्या आईने घाईघाईने विषय बदलला. तिला वाटलं, मला वाईट वाटेल.

मला वाईट वाटलं नाही. पण त्या कोटाची गोष्ट फोनवर सांगून होणारी नव्हती, म्हणून लिहायला बसले. आईकडून वाचून घ्या. एखादा शब्द अडला तर तिला विचारा. तिलाही अडला तर मला.

इथे पाऊस उघडलाय. सकाळी शिनोलीच्या रस्त्यावर धुकं असतं आणि त्यात पिकायला आलेल्या इंद्रायणी भाताचा वास असतो, कुणाच्या तरी घरी भात शिजतोय असं वाटायला लावणारा. दहा वाजले की ऊन चटका देतं. काकडीचे वेल तारांवर चढलेत, पिवळी फुलं उघडलीत, आणि डोंगरातली वानरं खाली उतरून कोवळ्या काकड्या अर्ध्या खाऊन फेकून देतात. आमच्या मंडळीची हंगामाची उपासना याच दिवसांत असते. लोक नव्या पिकातलं पहिलं काहीतरी घेऊन चर्चमध्ये येतात: भाताची पेंडी, भोपळा, शेंगा, एखादी कोंबडीसुद्धा. त्या रविवारी देवाच्या घराला शेताचा वास येतो. हा वास आला की मला तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो, आणि तो आठवला की कान अजून थोडे गरम होतात.

माझ्या घरात सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. मिठाच्या डब्यावरसुद्धा. मागच्या खेपेला आलात तेव्हा रूबेनने त्यावर हसून घेतलं होतं. वस्तू जागच्या जागी असावी आणि तिच्यावर तिचं नाव असावं, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. अशीच एक चिठ्ठी मी चर्चमधल्या एका खुर्चीवर लावली होती. माझ्या सुंदर अक्षरात, इंग्रजीत: 'रिझर्व्ड'. आमच्या मंडळीतल्या निम्म्या लोकांना इंग्रजी वाचता येत नाही. मग ती कोणासाठी लिहिली होती, देव जाणे.

खुर्ची आजोबांची. त्यांचे वडील सुतार होते. त्यांनी एका सागाच्या ओंडक्यातून ती घडवली, मुलाच्या उंचीला शोभेल अशी, उंच पाठीची, रुंद हातांची. उरलेल्या लाकडातून पोळपाट केला आणि बसायचा एक पाट. पुढे आजोबा मंडळीचे पंच झाले, तेव्हा त्यांनी ती खुर्ची चर्चला दिली आणि पुढच्या कोपऱ्यात ठेवली. पण खरं सांगायचं तर त्या खुर्चीत ते एकही उपासना पुरती बसले नाहीत. कुणी पोटुशी बाई आली की उठायचे, कुणी धापा टाकत आलं की उठायचे, आणि मग दाराशी भिंतीला टेकून उभे राहायचे. आम्ही बाकी सगळे सतरंजीवर, नाहीतर बिनपाठीच्या बाकांवर.

ते गेले आणि मी त्या खुर्चीत कुणाला बसू दिलं नाही. त्यांचा रविवारचा कोट तिच्या पाठीवर घातला. दर शनिवारी जाऊन ब्रशने झटकत असे. कुणी काही बोललं नाही. मंडळीत माझा मान होता. तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलेलं, निम्मी मंडळी माझ्या हाताखालून गेलेली. आणि विधवा बाईला कोण बोलणार?

माझं लहानपण जुन्नरचं. आमच्या अंगणातून कडे दिसत आणि कड्याच्या कपारीत घारींची घरटी. बाबा, म्हणजे तुमचे पणजोबा, संध्याकाळी अंगणात बसून ओबद्या संदेष्ट्याबद्दल सांगत. संदेष्टा म्हणजे देवाचं म्हणणं लोकांना सांगणारा. ओबद्या अशा लोकांशी बोलतो, की जे खडकाच्या कपारीत उंच घर करून राहिलेत आणि मनातल्या मनात म्हणतात, आता आम्हाला खाली कोण ओढणार? बाबा म्हणत, तुमच्या मनातल्या गर्वानेच तुम्हाला फसवलंय, असं तो त्यांना सांगतो. मी घारींकडे पाहून ऐकत असे. मला वाटे, हे कुठल्या तरी जुन्या राजांबद्दल आहे. मग पुण्याला बोर्डिंगात गेले, इंग्रजी शिकले, परत आले. ते इंग्रजी म्हणजेच माझी कपार होती, हे समजायला केस पांढरे व्हावे लागले.

आणि मूर्तींबद्दल तर विचारूच नका. शब्बाथ शाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, मुलांना मूर्ती करू नका ही दुसरी आज्ञा शिकवताना माझं बोट आपोआप खिडकीबाहेर जाई, कौसल्याच्या बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाकडे. मुलं तिकडे बघत. संदेष्टे मूर्तींबद्दल जे जे बोलले ते बहुतेक आपल्याच लोकांना, आपल्याच देवळाच्या दारात उभं राहून बोलले, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. मला ते दिसलंच नव्हतं. माझी पाठ त्या खुर्चीकडे असायची.

आता सारूबाई. तुम्ही तिला पाहिलंय, पण लहान होतात. तिने तुम्हाला भिजवलेले शेंगदाणे दिले होते. ती आमच्या शाळेत शिपाई होती. तास संपला की ती घंटा द्यायची आणि मी वर्गातून बाहेर यायचे. असं आम्ही दोघींनी मिळून किती तास संपवले याचा हिशेब नाही. घंटा व्हरांड्याच्या पायरीखाली होती, त्यामुळे ती नेहमी माझ्यापेक्षा एक पायरी खाली उभी असे आणि मान वर करून बोले. माझ्या मनात तिचं चित्र तेच: ठेंगणी, मान वर केलेली, हसरी. तुमच्या आईच्या वेळी मला दिवस गेले असताना वर्गात चक्कर आली, तेव्हा तिने मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं होतं. हे मी विसरले नव्हते. पण आठवतही नव्हते.

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या शेवटी, एका रविवारी लांबलचक प्रार्थना चालली होती. सगळे उभे होते. 'आमेन' झालं, मी डोळे उघडले, तर सारूबाई आजोबांच्या खुर्चीत. पाठ कोटाला टेकलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर. उपासना संपल्यावर मी तिच्याजवळ गेले.

"सारूबाई, ती ह्यांची खुर्ची आहे."

ती एकदम उठली. उठताना खुर्चीचा हात धरावा लागला, तोही तिने चटकन सोडला. "चुकलं बाई. पाय भरून आलं, ध्यानातच नाय ऱ्हायलं," असं म्हणून तिने पदराने खुर्ची पुसली.

मी आवाज चढवला नव्हता. कुणाला ऐकूही गेलं नसेल. किती नीट बोललो आपण, असं मला घरी जाताना वाटल्याचं आठवतं.

पुढचा रविवार ती बाहेर पायरीवर बसली. त्याच्या पुढच्या रविवारी आली नाही. मग पावसाळा लागला आणि मंडळीत कुणी कुणी म्हणालं, "सारूबाईचे गुडघे." मीही तेच म्हणाले.

पावसाळ्यात चर्चचा पत्रा गळतो, म्हणून खुर्ची दर वर्षी माझ्या घरी येत असे. चार महिने मी तिला तेल-पाणी करी आणि हंगामाच्या उपासनेआधी मंडळीतले दोघे जण ती खांद्यावर घेऊन परत नेत. मी पुढे चालायचे, हातावर कोट आडवा धरून. त्या वर्षीही तशीच निघाले. कौसल्या तारेपलीकडे काकड्या तोडत होती. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तरीणबाई, पालखी निघाली व्हय? हळदकुकू आणू का?"

"कौसल्या, आमच्यात तसलं काही नसतं," मी म्हणाले.

"मंग त्यो कोट पुढं पुढं कशाला चाललाय? मागनं यू द्या की."

खुर्ची धरलेले दोघे हसले. मी हसले नाही.

त्या उपासनेत शास्त्रवाचन, म्हणजे बायबल मोठ्याने वाचणं, माझ्याकडे होतं. माझे उच्चार स्वच्छ आहेत म्हणून चर्चचे पाळकसाहेब मोठ्या दिवशी मलाच वाचायला सांगतात. वाचायचा भाग यशयाच्या पुस्तकातला होता. शनिवारी दुपारी मी पोळ्या लाटता लाटता ओट्यावर शास्त्र उघडं ठेवून सराव करत होते. कौसल्या उपासनेसाठी क्रेटभर काकड्या घेऊन आली होती. ती दर वर्षी देते. म्हणते, जमीन एकच हाय, देव तुमचं तुमी बघा. मागच्या दारात बसून ती वाकड्या काकड्या बाजूला काढत होती आणि ऐकत होती.

यशया सांगतो, बाबेलचे मोठमोठे देव जनावरांवर लादून चाललेत. जनावरं थकलीत. ज्यांनी माणसांना वाचवायचं, त्यांचंच ओझं झालंय. आणि मग देव आपल्या लोकांना म्हणतो, की तुम्हाला तर मी जन्मापासून उचलून घेतलंय आणि तुमचे केस पिकले तरी मीच वाहून नेणार आहे. मी ते दोनदा वाचलं, कुठे थांबायचं ते पाहण्यासाठी.

"चांगलं लिवलंय," कौसल्या म्हणाली. जरा वेळ काकड्याच चाळत राहिली. मग म्हणाली, "खुर्ची उचलाय दोघं आलं. सारूबाईला उचलाय कोन गेलं का?"

मी पुढची पोळी तव्यावर टाकली.

"तिचं घर आमच्या वाटंवरच हाय. तुमच्या देवळाची घंटा झाली का म्हातारी खाटंवर उठून बसती अन् हात जोडती. एकलीच गानं म्हनती. म्या इचारलं, जात का न्हाई? तर म्हनली, जागा न्हाई." कौसल्याने क्रेट बंद केला. "येवढं मोठं देऊळ तुमचं. धा मानसं बी धड नसत्यात. जागा कशी न्हाई?"

तव्यावरची पोळी करपली. मी ती उलटायचं विसरून समोरच्या पोळपाटाकडे बघत राहिले. याच यशयाने दुसऱ्या एका ठिकाणी एका सुताराची थट्टा केली आहे. तो एक झाड तोडतो. अर्धं जाळून भाकरी भाजतो, ऊब घेतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्या पाया पडतो. आणि त्याच्या मनात एकदाही येत नाही की दोन्ही लाकूड एकच. मी हा भाग कितीदा तरी शिकवला होता. मुलं हसायची, मीही हसायचे. आणि इथे एकाच ओंडक्यातला पोळपाट माझ्या हाताखाली होता, चाळीस वर्षांच्या पोळ्यांनी मधोमध झिजलेला. पाट मोरीजवळ पडला होता. आणि त्यांच्या भावंडाला मी कोट घालून दोन माणसांच्या खांद्यावरून मिरवत नेलं होतं.

पोळ्या तशाच ठेवून मी सारूबाईकडे गेले. ती दारातल्या ओट्यावर पावटा सोलत होती.

"सलाम, सारूबाई," मी आमच्या मंडळीतल्या रीतीने म्हणाले.

"सलाम. बसा बाई," ती म्हणाली. मग शेंगांकडेच बघत, "आमच्यात खुर्ची न्हाई."

मी ओट्यावर बसले. दोन शेंगा उचलून सोलायला लागले. मग म्हणाले, "उद्या उपासनेला चला. खुर्चीवर बसा."

"खुर्चीचं नगा सांगू मला. बसायचंच असंल तर घरी खाट हाय." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "चार-पाच म्हयनं झालं. दोन डाव तुमी ह्या वाटंनं गेलात, छत्री खाली करून. मला वाटलं, बाईस्नी आता आपलं त्वांड बघायचं न्हाई."

छत्री मी खरोखर खाली केली होती. पाऊस तिरका होता, असं स्वतःला सांगितलं होतं. तीस वर्षं मुलांना इंग्रजीत माफी मागायच्या पाच पद्धती शिकवल्या, मुलांनो. तिच्या ओट्यावर मला मराठीतली एकही सापडेना. शेवटी म्हणाले, "सारूबाई, मी चुकले. खुर्चीचंही आणि छत्रीचंही."

तिने सोललेला पावटा वाटीत घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "गुडघ्याला इचारते."

रविवारी मी सगळ्यांच्या आधी गेले. कोट उतरवला. चिठ्ठी काढताना तिच्याखाली लाकडाचा मूळ रंग दिसला, नव्यासारखा. उपासना सुरू झाली. सारूबाई आली नव्हती. खुर्ची उघडी, ओकीबोकी दिसत होती आणि लोक कोट कुठे गेला म्हणून एकमेकांकडे बघत होते. गीत झालं, प्रार्थना झाली, मी वाचायला उभी राहिले. थकलेल्या जनावरांपर्यंत आले आणि दारात सावली पडली. एका हाताने चौकट, दुसऱ्या हाताने कौसल्याचा खांदा धरून सारूबाई उभी होती.

शास्त्रवाचन मी आयुष्यात कधी मध्येच थांबवलं नव्हतं. त्या दिवशी थांबवलं. पुस्तक उघडंच ठेवून दारापर्यंत गेले आणि तिचा दुसरा हात धरला. आम्ही तिघी भाताच्या पेंड्या, भोपळे ओलांडत पुढे आलो. ती खुर्चीत बसली, तर पाय अधांतरी. कुणीतरी खुदकन हसलं, तीच असावी. कौसल्याने इकडे तिकडे पाहिलं, वेदीसमोरचा काकड्यांचा क्रेट सतरंजीवर रिकामा केला आणि पालथा घालून तिच्या पायाखाली सरकवला.

"आता वाचा म्होरं," कौसल्या म्हणाली, पाळकसाहेबांच्या आधी.

मी वाचलं. केस पिकले तरी मीच वाहून नेणार, इथे कुठे थांबायचं ते शनिवारी ठरवून ठेवलं होतं. पण आवाजच थांबला, नको तिथे. उच्चार अजिबात स्वच्छ नव्हते.

बाहेर पडल्यावर मी कोट हातावर घेऊन चालले होते. कौसल्याने अस्तर उलटून पाहिलं. कसर लागली होती. "येवढा झटकून बी खाल्लाच की," ती म्हणाली. "मला देता का? वानरं लई झाल्यात." मी दिला. आजोबांना आवडलं असतं. उभं राहायची त्यांना सवयच होती. यिर्मया संदेष्टाही मूर्तींना काकडीच्या मळ्यातलं बुजगावणं म्हणतो. त्यांना बोलता येत नाही, चालता येत नाही, उचलून न्यावं लागतं. त्यांना भिऊ नका, असं तो सांगतो. त्याचा मळा मी पाहिलेला नाही, पण तो कौसल्याच्या मळ्यासारखाच असणार. कोट आता तिथे आहे. वानरं त्याला पहिले आठ दिवस भ्यायली.

पूर्वी मला संदेष्टे रागीट वाटत. सतत कुणावर तरी ओरडणारे. आता वाटतं, चुलीकडे रांगत निघालेल्या पोरावर आई ओरडते, तसं ते ओरडणं आहे. आणि गर्व म्हणजे तरी काय? नेहमी डोकं वर करून चालणं नव्हे. कधी कधी तो छत्री खाली करून चालतो. मूर्तीही वाईट वस्तूची होत नाही, मुलांनो. वाईट वस्तूला कोण फुलं वाहील? ती आपल्या सगळ्यात आवडत्या वस्तूची होते, प्रेमाने होते, आणि ती झाल्याचं पहिलं लक्षण हे, की तिच्याशेजारचं जिवंत माणूस दिसेनासं होतं. तुमच्या घरात अशी कुठली खुर्ची आहे का, मला माहीत नाही. असली तर तिच्यावर चिठ्ठी नसेल. चिठ्ठ्या लावणारी मी एकटीच.

पुढच्या रविवारी मी क्रेटऐवजी मोरीजवळचा पाट घासून नेला. सारूबाई अडीच वर्षं त्यावर पाय ठेवून बसली. झोपही लागायची तिला, मी कोपराने उठवत असे, ती म्हणायची, "ऐकतीय बाई, डोळं मिटून ऐकतीय." या श्रावणात ती गेली. दुपारी पडली होती, उठली नाही. पाट तिच्या घरी होता, उन्हाळ्यात पाय सुजले तेव्हा मीच नेऊन दिला होता, तो तिथेच राहिला. मी मागितला नाही.

काल हंगामाची उपासना झाली. पाळकसाहेबांच्या पत्नींनी खुर्चीला झेंडूची माळ घातली होती. मला म्हणाल्या, "आजी, यंदा खुर्ची सारूबाईंसाठी रिकामी ठेवूया का? त्यांचा फोटोही आणलाय." त्यांचे डोळे भरले होते. किती प्रेमाने म्हणत होत्या. मला क्षणभर वाटलं, ठेवूया. हातसुद्धा पदराकडे गेला, खुर्ची पुसायला.

माझे गुडघे गेल्या वर्षापासून दुखतात. हे मी तुमच्या आईला सांगितलेलं नाही, आता कळेल. सतरंजीवरून उठताना मी मुद्दाम सगळ्यांच्या शेवटी उठते, म्हणजे कुणी बघत नाही. मी माळ काढली आणि शेजारच्या भोपळ्यावर ठेवली. फोटो त्यांच्या हातात परत दिला. "खुर्ची रिकामी नको," म्हणाले, आणि सगळ्या मंडळीसमोर जाऊन बसले.

पाय टेकले नाहीत. मी खाली पाहिलं, पुन्हा पाहिलं. जमीन वीतभर लांब होती. दारात कौसल्या काकड्या घेऊन उभी होती. तिने माझे लोंबणारे पाय पाहिले आणि क्रेट रिकामा करायला घेतला. इतकी वर्षं सारूबाईला मी ठेंगणी समजत होते, मुलांनो. आम्ही दोघी एकाच उंचीच्या होतो.